दुचाकीवरचा बर्फ

बेळगावातून पिरनवाडी, किणये करत निघालं की तीसेक किलोमीटरवर जांबोटी. पुढे कणकुंबी, मग चोर्ला आणि खाली गोवा. सुट्टीच्या दिवशी पहाटे या रस्त्यावर दुचाक्यांची रांग लागते. पूर्वी ही मंडळी गरम भजी-चहा घेऊन दुपारपर्यंत परत फिरायची. आता पुष्कळजण रात्रीचा मुक्कामही करतात. मागच्या सीटवर तंबूची वळकटी असते आणि तिच्या डोक्यावर दोरीनं आवळलेला एक निळा नाहीतर लाल डबा. त्यात बर्फ, दूध, मसाला लावलेलं मटण आणि कोल्ड्रिंकच्या बाटल्या. हा लेख त्या डब्याविषयी आहे, कारण बहुतेकांचा तो डबा एक तर चुकीचा असतो, नाहीतर चुकीच्या जागी बांधलेला असतो.

खरं तर आपल्याकडे बर्फाशिवाय प्रवास करायची विद्या चांगली मुरलेली होती. पाण्याऐवजी दुधात पीठ भिजवून केलेल्या दशम्या दोन-तीन दिवस मऊ राहायच्या. सोबत शेंगाचटणी, लोणचं, गुळाचा खडा. पाण्याला फिरकीचा तांब्या किंवा जाड कापडाची छागल. छागलीतून पाणी थोडं थोडं झिरपायचं, वाऱ्यानं सुकायचं आणि आतलं पाणी गार व्हायचं. एक लिटर पाणी वाफ होताना साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातं, तर एक किलो बर्फ वितळताना फक्त ८०. म्हणजे छागल ही काही गरिबाची तडजोड नव्हती! खानापूरच्या मातीची मडकीही याच हिशेबावर चालतात. मात्र हवा कोरडी हवी. मार्च-एप्रिलमध्ये बेळगावच्या पूर्वेला छागल मस्त चालेल. जून उजाडला की जांबोटीच्या दमट हवेत ती नुसती ओली पिशवी.

म्हणून पहिला प्रश्न कुठला डबा घ्यावा हा नाही. डबा हवाच का, हा आहे. डिसेंबर-जानेवारीत एका रात्रीसाठी जात असाल तर माझं स्पष्ट मत आहे की नको. या भागातली थंडी रात्रीपुरतं फ्रीजचं काम करते. भाकरी, ठेचा, कांदे, बटाटे, कच्ची अंडी, मुगाची डाळ यांना गारव्याची गरज नाही. कुंदासुद्धा थंडीत एका दिवसात बिघडत नाही. डबा लागतो तो मार्च ते मे या काळात, आणि तोही चार-पाच गोष्टींसाठी: दूध, दही, पनीर, मटण-मासे आणि औषधं.

या गोष्टींच्या बाबतीत मात्र हयगय नको. ५ ते ६० अंश सेल्सिअस या टप्प्यात जंतू झपाट्यानं वाढतात. असं अन्न एरवी दोन तासांपेक्षा जास्त आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासापेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. सकाळी आठला घरून निघालेलं मटण, वाटेत दोनदा चहा, एकदा फोटो, धबधबा बघून दुपारी दोनला चुलीवर. या सहा तासांत ते कुठल्या तापमानाला होतं, हे कुणी विचारत नाही. शिजवल्यावर जंतू मरतात हे खरं, पण काही जंतूंनी आधीच सोडलेलं विष उकळूनही जात नाही. रात्री एक वाजता रानात तिघांना उलट्या सुरू झाल्या, फोनला रेंज नाही आणि मोठा दवाखाना गाठायचा तर खानापूर किंवा बेळगाव. अशा वेळी दुचाकीवर आजारी माणसाला बसवायचं कसं, याचा विचार आधी करावा.

आता डबा. बाजारात तीन प्रकार दिसतात: चेनची मऊ पिशवी, आत फोम भरलेला कडक प्लॅस्टिकचा डबा आणि साधा थर्माकोलचा खोका. रंग आणि नाव सोडून द्या, भिंतीची जाडी बघा. एक हिशेब करून पाहू. ३० बाय २० बाय २० सेंटिमीटरचा, म्हणजे १२ लिटरचा डबा घेतला आणि आत-बाहेर २८ अंशांचा फरक धरला. एक इंच जाड थर्माकोल असेल तर ताशी साधारण ११ किलोकॅलरी उष्णता आत शिरते. म्हणजे एक किलो बर्फ सात तास. तेवढ्याच जाडीचा पॉलियुरेथेन फोम असेल तर दहा-अकरा तास. आणि एक सेंटिमीटरच्या पातळ अस्तराची पिशवी असेल तर जेमतेम तीन तास. हे कागदावरचे आकडे. ऊन आणि झाकणाची उघडझाप धरली तर प्रत्यक्षात कमीच मिळेल. पण प्रमाण तेच राहतं. दुकानात पिशवीची भिंत दोन बोटांत दाबून बघा, चिमटीत सपाट झाली तर ती पिशवी ऑफिसच्या डब्यासाठी ठीक.

थर्माकोलला लोक हसतात, पण तो जवळजवळ सगळा हवेचाच बनलेला असतो आणि कोंडलेली हवा हाच खरा अडसर. १८३३ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टनहून कलकत्त्याला जहाजातून बर्फ आला होता. चार महिन्यांचा प्रवास, दोनदा विषुववृत्त ओलांडून. निघताना सुमारे १८० टन होता, पोचला तेव्हा १०० टनांच्या आसपास शिल्लक होता. तेव्हा ना फोम होता ना प्लॅस्टिक. होता फक्त झाडाच्या सालीचा वाळलेला भुसा, गवत आणि नीट रचलेली मोठी लादी. आपले बर्फवालेही लादी भुशातच ठेवायचे. मोठा तुकडा सावकाश वितळतो, चुरा लगेच, हेही त्यांना ठाऊक होतं.

मला विचाराल तर दोघांच्या एका रात्रीसाठी सर्वात सोयीचा उपाय असा: औषधाच्या दुकानात इन्सुलिन आणि लसी थर्माकोलच्या खोक्यातून येतात. ओळखीच्या दुकानदाराकडून असा जाड भिंतीचा रिकामा खोका मागून घ्यावा, बाजूच्या किंवा मागच्या बॅगेत बसेल असा निवडावा आणि झाकणाची फट रुंद चिकटपट्टीनं बंद करावी. खर्च शून्य, वजन नगण्य. एकट्यासाठी तर तेवढंही नको. रुंद तोंडाचा स्टीलचा थर्मास रात्रभर फ्रीजमध्ये उघडा ठेवून सकाळी त्यात दही किंवा गोठवलेलं मटण भरलं की काम झालं. पंचवीस लिटरचा कडक डबा मोटारीसाठी आहे. तो भरला की पंधरा-वीस किलो होतो आणि दुचाकीवर त्याला जागा नाही, मग जाहिरातीत काहीही दाखवोत.

भरताना एक गोष्ट सगळे विसरतात. गरम वस्तू गार करायला बर्फ खर्ची पडतो. ३२ अंशांवरच्या एक-एक लिटरच्या दोन बाटल्या डब्यात टाकल्या, तर त्यांना चार अंशांवर आणायलाच सुमारे ७०० ग्रॅम बर्फ संपतो. एक किलो नेला होता, उरला तीनशे ग्रॅम. म्हणून आत जाणारी प्रत्येक वस्तू आदल्या रात्रीपासून फ्रीजमध्ये हवी, आणि मटण तर फ्रीझरमध्ये दगडासारखं झालेलं हवं. तेच मग बर्फाचं काम करतं. सुटा बर्फ नेऊच नये. पाण्याच्या बाटल्या गोठवून न्याव्यात. बर्फ झाल्यावर पाणी जवळपास नऊ टक्के फुगतं, तेव्हा बाटली एक दशांश रिकामी ठेवावी. फायदा दुहेरी: डब्यात पाणी साचून भाकरीचा लगदा होत नाही आणि वितळलेलं पाणी प्यायला मिळतं. मटण सगळ्यात खाली, घट्ट झाकणाच्या डब्यात. त्याचा थेंब कोथिंबिरीवर पडता कामा नये. उरलेली पोकळी कापडानं भरावी. आणि पाण्याची बाटली सारखी लागते, ती बाहेर ठेवावी, नाहीतर दर अर्ध्या तासानं झाकण उघडलं जातं.

डबा बांधायचा कुठे? वजन जितकं खाली आणि जितकं चालवणाऱ्याच्या जवळ, तितकं बरं. डबा मागच्या चाकाच्या धुरीच्या पलीकडे कॅरिअरच्या टोकाला गेला की पुढचं चाक हलकं होतं आणि चढाच्या वळणावर हँडल ऐकेनासं होतं. चोर्ल्यात वळणांना तोटा नाही. त्यातून कॅरिअरला किती किलो चालतात हे गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. बऱ्याचदा तो आकडा दहाच्या आतला निघतो. एकटे असाल तर डबा मागच्या सीटवर, पाठीला टेकून, आडवा ठेवावा. मागे माणूस असेल तर बाजूच्या बॅगेत, पण सायलेन्सर नसलेल्या बाजूला. सायलेन्सरशेजारी बर्फ ठेवणं म्हणजे तव्यावर कुल्फी ठेवणं. दुसऱ्या बाजूला स्टोव्ह आणि भांडी घालून तोल साधावा, आणि मागच्या टायरची हवा पुस्तिकेत भाराच्या प्रवासाला सांगितली असेल तितकी करून घ्यावी.

आकड्यांची रबरी दोरी मला मुळीच पसंत नाही. खड्ड्यात डबा उडाला की ती ताणते, आकडा निसटतो, आणि तो चाकात जातो किंवा डोळ्यावर येतो. बकलचे सपाट पट्टे घ्यावेत, दोन उभे, एक आडवा, आणि मोकळी टोकं गुंडाळून खोचावीत. डब्यावर पांढरा ओला पंचा टाकला तर कोरड्या दिवसांत छागलीचा फायदाही मिळतो. मात्र तोही पट्ट्यांखाली घट्ट हवा.

गंमत अशी की दुचाकीवरचा सर्वात विचारपूर्वक केलेला गार डबा आपल्या गावागावांतून रोज फिरत असतो आणि आपण त्याच्याकडे पाहतही नाही. तो म्हणजे आरोग्यसेविकेच्या खांद्यावरचा लसीचा डबा. लहानसाच, जाड भिंतीचा, चारही बाजूंना बर्फाच्या चार चपट्या वड्या आणि मधे लसी. फ्रीझरमधून काढलेल्या वड्या ती लगेच आत ठेवत नाही. थोडा वेळ बाहेर ठेवते, कानाजवळ हलवून बघते आणि आत पाण्याचा आवाज आला की मगच ठेवते. कारण फ्रीझरची वडी शून्याच्या पंधरा-वीस अंश खाली असते आणि काही लसी गोठल्या की निकामी होतात.

हे मुद्दाम सांगतो, कारण आता आमच्या वयाच्या गटांत एक-दोघे तरी इन्सुलिन घेणारे असतातच. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं, पण गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं. बाहेरून ते अगदी पूर्वीसारखं दिसलं तरी. मटणाच्या गोठलेल्या गोळ्याला टेकवून पेन ठेवलं, तर माणूस दोन दिवस निकामी औषध टोचत राहील आणि साखर का वाढतेय ते कळणार नाही. म्हणून पेन कापडात गुंडाळून, वेगळ्या छोट्या डब्यात, सगळ्यात वर ठेवावं. वापरात असलेलं पेन साधारण २५ ते ३० अंशांपर्यंत सुमारे महिनाभर चालतं. नेमकी मुदत पाकिटावर बघावी, डॉक्टरांना विचारावं. त्यासाठी खरं तर बर्फही नको. ओल्या कापडात गुंडाळलेला छोटा डबा सावलीत टांगला की भागतं. पुन्हा आपली छागलच.

मुक्कामाबद्दल थोडं. भीमगड २०११ मध्ये अभयारण्य झालं. तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय रात्र काढता येत नाही आणि काढूही नये. कुणाच्या तरी शेतात, घराच्या अंगणात रीतसर विचारून तंबू ठोकावा. या रानात अस्वलं आहेत, आणि गूळ, मध, मटण यांचा वास त्यांना आपल्याआधी लागतो. डबा तंबूत घेऊन झोपू नये. यजमानांच्या घरात ठेवावा, ते न जमलं तर तंबूपासून बराच लांब, पट्टे आवळून. माकडं आणि कुत्री तर दिवसाही झाकण उघडतात. उष्टं-खरकटं आणि पिशव्या डब्यातच भरून परत आणाव्यात. येताना तो रिकामाच असतो.

गोव्याकडून येणार असाल तर कणकुंबीच्या नाक्यावर दारूसाठी तपासणी होऊ शकते आणि तेव्हा सर्वात आधी नजर जाते ती याच डब्याकडे. पट्टे असे बांधावेत की सगळं सामान न उतरवता झाकण उघडता येईल. बांगडे आणणाऱ्यांनी ते साफ करून घ्यावेत, पिशवीत घालून गोठलेल्या बाटल्यांमध्ये दाबून ठेवावेत आणि घाट चढताना फोटोसाठी थांबू नये. घरी आल्यावर डबा खाण्याच्या सोड्यानं धुऊन, झाकण उघडं ठेवून दोन दिवस सावलीत वाळवावा. नाहीतर पुढच्या वेळी दशम्यांना बांगड्याचा वास येतो आणि घरून पुन्हा डबा भरून मिळत नाही.