एक वीत, चार बोटे

गेल्या दिवाळीत फराळाला बसलेल्या आईकडे पाहिले आणि घास हातातच राहिला. डायनिंग टेबल तिच्या छातीशी आले होते. दर घासाला कोपर बाहेर फाकत होते, खांदा वर जात होता. "खुर्चीवर पाट ठेव ना गं," ती म्हणाली, "पोरांना ठेवतेस तसा." आमचे टेबल सागवानी, वडिलांनी मिस्त्रीकडून करून घेतलेले, खुर्च्या पुढे कधीतरी दुकानातून आल्या. अनेक घरांत टेबल-खुर्च्यांची जोडी अशीच वेगवेगळ्या वाटांनी जमते आणि उंचीचा मेळ बसत नाही.

टेबल साधारण २८ ते ३० इंच उंच असते, खुर्चीची बैठक १७ ते १९ इंच. पण पाहायचे ते दोहोंमधले अंतर. बैठकीपासून टेबलाच्या फळीपर्यंत १० ते १२ इंच हवेत. टेप हाताशी नसेल तर एक वीत आणि वर चार बोटे. त्याहून जास्त नको. जास्त झाले की खांदे उचलावे लागतात, फारच कमी झाले की मांड्या फळीखालच्या पट्टीला अडतात.

हे माप रिकाम्या खुर्चीचे घेऊ नये. आमची बैठक रिकामी असताना साडेसोळा इंच भरली. आई बसली तेव्हा साडेपंधरा. टेबल ३० इंच, म्हणजे अंतर साडेचौदा. अडीच इंच भरून काढायचे होते.

पहिला संशय फोमवर घ्यावा. वर्षानुवर्षे दबून तो पापडासारखा होतो. बैठक बहुधा खालून चार स्क्रूंनी बसवलेली असते. ते काढले की प्लाय आणि फोम हातात येतो. नुसती जाड मऊ गादी घालून भागत नाही, कारण चार इंचांची गादी बसल्याबरोबर निम्मी होते. ३२ किंवा ४० डेन्सिटीचा, हाताने दाबून घट्ट लागणारा फोम घ्यावा. आम्हाला एवढ्याने एक इंच परत मिळाला.

उरलेला दीड इंच पायांत वाढवायचा होता. पलंगाखाली ठेवतात तसे सुटे ठोकळे इथे चालत नाहीत. पलंग जागचा हलत नाही, खुर्ची दिवसातून दहादा ओढली जाते. मिस्त्रींनी आधी प्लायचे तुकडे पायांखाली देऊन दोन दिवस आम्हाला तसेच जेवायला सांगितले. हा सल्ला सोन्यासारखा. चिकटवण्याआधी शरीराला विचारून घ्यावे.

मग खुर्ची उलटी केली. पायाच्या तळाचे पॉलिश घासून काढले, कारण पॉलिशवर फेविकॉल धरत नाही. पायात आणि सागाच्या तुकड्यात समोरासमोर भोके पाडून लाकडी खुंटी बसवली. खालून नुसता खिळा ठोकला तर तो लाकडाच्या रेषांच्या दिशेने शिरतो. पकड कच्ची राहते आणि पाय चिरण्याची भीती असते. मागचे पाय कललेले असतात, म्हणून तुकडाही त्याच कलाने कापावा लागतो. रात्रभर बांधून ठेवल्यावर खुर्ची सपाट कडाप्प्यावर उभी केली. एक पाय दोन सूत, म्हणजे पाव इंच, अधांतरी होता. त्याखाली चकत्या सरकवून डुगडुग थांबवली, एका ठोकळ्यावर पेन्सिल आडवी धरून चारही पायांभोवती रेघ फिरवली आणि रेघेवर करवत चालवली. शेवटी रबरी बूट.

दीड-दोन इंचांपलीकडे मात्र पाय वाढवू नयेत; खुर्ची मागे रेलली की सांध्यांवर ताण वाढतो. फरक मोठा असेल तर टेबलाचेच पाय कापावेत. सरळ पायांच्या टेबलात ते काम सोपे असते. आधी बसून मांडीवर मूठ ठेवावी. फळीखालची पट्टी खाली आल्यावरही तेवढी जागा उरेल ना, हे पाहावे.

अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ साली देबकुमार चक्रवर्ती यांचे भारतीयांच्या शरीरमापांचे पुस्तक प्रसिद्ध केले. असे मोजमाप करावे लागते, कारण गुडघ्यामागच्या खळगीपासून टाचेपर्यंतची उंची माणसागणिक बदलते आणि खुर्ची त्या उंचीला जुळावी लागते. एकाच घरातही सर्वांना एकच खुर्ची पुरत नाही.

ते आमच्याकडे लगेच दिसले. आता अंतर बरोबर बारा इंच, आईचा खांदा खाली, कोपर अंगाशी. पण तिच्या टाचा जमिनीपासून सुटल्या. पाय लोंबकळत राहिले की खुर्चीची कड मांडीखाली रुतते आणि पायांना मुंग्या येतात. मी माळ्यावरून जुना पाट काढला, पुसला आणि टेबलाखाली सरकवला. आईने दोन्ही पावले त्यावर टेकवली आणि काही न बोलता ताट जवळ ओढले. त्या दिवशी तिने भात पुन्हा मागून घेतला.