शिंप्याच्या सुईवर तोललेला हंगाम

हिवाळी खेळांची ओळख : लेखांक ६

स्की जंपिंगचा जागतिक हंगाम नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्चअखेर संपतो. या चार महिन्यांत खेळाडू जवळजवळ दर शनिवार-रविवारी युरोपातल्या, क्वचित जपानातल्या, कुठल्या ना कुठल्या टेकडीवर असतात. स्पर्धेत पहिला आलेल्याला १०० गुण, दुसऱ्याला ८०, तिसऱ्याला ६० आणि असं उतरत उतरत तिसाव्याला एक. शेवटी ज्याची बेरीज मोठी, त्याला काचेचा गोल मिळतो. हिशेब इतका सरळ आहे की वाटावं, यात समजावून सांगण्यासारखं काय आहे? पण २०२४-२५ चा हंगाम समजून घ्यायचा तर गुणतक्त्याआधी कपड्यांकडे पाहावं लागतं.

त्याचं कारण या खेळाच्या भौतिकशास्त्रात आहे. खेळाडू बर्फाळ उतारावरून घसरत खाली येतो तेव्हा त्याचा वेग ताशी ९० किलोमीटरच्या आसपास असतो. उताराचं टोक वर उचललेलं असेल असा आपला समज असतो, पण प्रत्यक्षात तेही दहा-अकरा अंशांनी खालीच झुकलेलं असतं. पाय झटकून घेतलेली उसळी असते जेमतेम. त्यानंतरचे सव्वाशे-दीडशे मीटर हवेच्या भरवशावर कापायचे. खेळाडू स्कींची पुढची टोकं फाकवतो, अंग जवळजवळ स्कींवर आडवं टाकतो आणि खालून येणाऱ्या हवेवर रेलतो. जितकं क्षेत्रफळ हवेला देता येईल तितकं चांगलं. सूट सैल असला, विशेषतः दोन मांड्यांमधलं कापड खाली उतरलेलं असलं, की ते गलबताच्या शिडासारखं काम करतं.

म्हणून नियमावलीतली बरीच पानं शिंपीकामावर खर्ची पडली आहेत. कापडाची जाडी ठरलेली. त्यातून हवा किती आरपार गेली पाहिजे तेही ठरलेलं. सूट अंगाच्या मापापेक्षा मोजके सेंटिमीटरच सैल चालतो. स्कीची लांबी उंचीच्या १४५ टक्क्यांपर्यंत, तीही वजन पुरेसं असेल तरच. म्हणजे पावणेदोन मीटर उंचीच्या माणसाला साधारण अडीच मीटरची स्की. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये मिश्र सांघिक स्पर्धेत चार देशांच्या पाच महिला खेळाडू सूटच्या मापावरून बाद झाल्या होत्या. जपानची सारा ताकानाशी त्यांतलीच एक.

२०२४-२५ ची सुरुवात मात्र प्रसन्न होती. जर्मनीचा पिउस पाश्के, वय वर्षं ३४, पहिल्या काही आठवड्यांतच पाच स्पर्धा जिंकून आघाडीवीराची पिवळी बिब मिरवत होता. कारकिर्दीतला पहिला विजय मिळाला तेव्हा तो ३३ वर्षांचा होता, हे लक्षात घेतलं तर त्याचं अप्रूप कळेल. नाताळानंतर त्याची लय गेली आणि ऑस्ट्रियन पुढे सरसावले.

नाताळानंतर असते ती ‘चार टेकड्यांची स्पर्धा’. ओबर्स्टडॉर्फ, गार्मिश-पार्टेनकिर्खेन, इन्सब्रुक आणि शेवटी ६ जानेवारीला बिशॉफ्सहोफन. चार ठिकाणच्या आठ उड्यांच्या गुणांची बेरीज इथे धरली जाते. मोठ्या टेकडीवर ठरावीक अंतराला ६० गुण, त्यापुढच्या प्रत्येक मीटरला १.८. शैलीचे गुण पाच पंच देतात. त्यांतला सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकडा गाळतात. शिवाय वाऱ्याची वजाबाकी-बेरीज. शेवटच्या टेकडीवर पोचेपर्यंत तीन ऑस्ट्रियन एकमेकांच्या पाठोपाठ होते. स्टेफान क्राफ्ट किंचित पुढे होता. शेवटच्या उडीआधी वाऱ्यामुळे त्याला वर ताटकळावं लागलं, आणि करंडक गेला २२ वर्षांच्या डानियल चोफेनिगकडे. दुसऱ्या आलेल्या यान ह्योर्लशी त्याचा फरक होता १.४ गुणांचा. आठ उड्या मिळून एक मीटरही नाही!

महिलांसाठी ही चार टेकड्यांची स्पर्धा अजून नव्हती. त्यांच्या वाट्याला दोनच टेकड्या. त्यातली एक पात्रता फेरी जर्मनीच्या सेलिना फ्रायटागने जिंकली आणि तिला बक्षीस मिळालं शाम्पू, शॉवर जेल आणि हात पुसायचे टॉवेल. पुरुषांना पात्रता फेरीच्या विजयासाठी हजारोंच्या घरात रोख रक्कम मिळते. तिने हे जाहीरपणे सांगितलं ते बरं केलं. असल्या गोष्टी कुणी बोलून दाखवल्याशिवाय आयोजकांना खटकत नाहीत.

मग आला मार्च, आणि ट्रॉनहाइमची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा. यजमान नॉर्वे, म्हणजे या खेळाचं माहेरघर. लहान टेकडीवर त्यांच्या मारियस लिंडविकने सुवर्ण मिळवलं. ८ मार्चला मोठ्या टेकडीची स्पर्धा होती. त्यात लिंडविक दुसरा आला. पण एव्हाना एक व्हिडिओ बाहेर आला होता. पडद्याआडून चोरून चित्रित केलेला. बंद खोलीत शिलाई मशीन चालू आहे, सूटवर काम चाललंय आणि नॉर्वेचे मुख्य प्रशिक्षक मागनुस ब्रेविग तिथेच हजर आहेत. इतर संघांनी तक्रार केली. अधिकाऱ्यांनी लिंडविक आणि त्याचा संघसहकारी योहान आंद्रे फोरफांग यांच्या सूटची शिवण उसवली, तेव्हा आत कडक दोरा सापडला. सूट आधी तपासून, चिप लावून मंजूर झालेले होते. दोरा नंतर घुसवलेला. कापड ताठ राहावं, हवेत त्याचा आकार मोडू नये, एवढाच त्याचा उपयोग.

दोघेही बाद झाले. रौप्य ह्योर्लला, कांस्य जपानच्या रयोयु कोबायाशीला मिळालं. सुवर्ण स्लोव्हेनियाच्या डोमेन प्रेव्त्सचंच होतं. नॉर्वेच्या संघटनेने फसवणूक झाल्याचं कबूल केलं. खेळाडूंचं म्हणणं, आम्हाला ठाऊक नव्हतं. पुढे दोघांनी तीन महिन्यांची बंदी स्वीकारली आणि ब्रेविगना १८ महिन्यांची झाली. लहान टेकडीवरचं सुवर्ण लिंडविककडेच राहिलं. मला यात सर्वांत खटकतो तो बंदीतला फरक नाही. चिप लावली की सूट खरा, असं गृहीत धरणारी तपासणी मुळात किती भाबडी होती, ते खटकतं. चिप सूट कोणता ते सांगते. त्याच्या आत नंतर काय शिवलं, ते कसं सांगणार?

आंतरराष्ट्रीय महासंघाने उरलेल्या हंगामासाठी सूटच आपल्या ताब्यात घेतले. पहारा कडक झाला तर उड्या आखूड होतील असं वाटत होतं. झालं उलटंच. १४ मार्चला नॉर्वेतल्याच विकेरसुंडच्या राक्षसी टेकडीवर निका प्रेव्त्सने २३६ मीटरचा महिला विश्वविक्रम केला. ३० मार्चला प्लानित्सात तिचा भाऊ डोमेन २५४.५ मीटरवर उतरला आणि क्राफ्टचा २०१७ पासूनचा २५३.५ मीटरचा विक्रम गेला. थोरला भाऊ पेटर हा २५० मीटर गाठणारा पहिला माणूस. त्याचा विक्रम दुसऱ्याच दिवशी मोडला गेला होता, ही या घराण्याच्या बखरीतली एक गंमत. काचेचे गोल मिळाले ते चोफेनिग आणि निकाला.

कापडाबद्दल आज इतकं पुरे. हलकं होण्याचा दुसरा मार्ग स्वतःचं वजन उतरवण्याचा आहे आणि त्याचे नियम वेगळे आहेत. पुढच्या आठवड्यात त्याबद्दल, म्हणजे ओघानेच स्वेन हानावाल्डबद्दल. २००१-०२ मध्ये एकाच हंगामात चारही टेकड्या जिंकणारा तो पहिला.