धीर देणारे कळप: मोबाइलवरचे आणि बांधावरचे

बर्फातून एका ओळीत चाललेल्या लांडग्यांचा फोटो आपल्या बीडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवरही फिरून फिरून येतो. खाली लिहिलेलं असतं: पुढे म्हातारे आणि आजारी, त्यांच्या चालीनं सगळा कळप, आणि कुणी मागं पडू नये म्हणून सगळ्यात शेवटी म्होरक्या. फोटो खरा आहे. बीबीसीच्या २०११च्या ‘फ्रोझन प्लॅनेट’ मालिकेच्या वेळचा, कॅनडातल्या वूड बफेलो राष्ट्रीय उद्यानातला. मजकूर मात्र कुणीतरी नंतर जोडला. त्या कळपाच्या पुढे कुणी आजारी नव्हतं, एक तगडी मादी होती. ती बर्फ तुडवत वाट पाडत होती आणि मागच्यांचे श्रम वाचत होते. बालाघाटाच्या माळांवरचा आपला लांडगाही कुटुंब करूनच राहतो. आई, बाप आणि पिल्लं. आधीच्या वर्षीची भावंडं नव्या पिल्लांना भरवायला हातभार लावतात.

दुसरा गैरसमज आपल्याच जिल्ह्यातून जगभर गेला. डिसेंबर २०२१मध्ये माजलगाव तालुक्यातल्या लवूळची बातमी आली, की कुत्र्यांनी पिल्लू मारलं म्हणून वानरांच्या टोळीनं एकजुटीनं सूड उगवला आणि अडीचशे कुत्री मारली. वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडांवर, घरांवर नेत होती, हे खरं. पण वन विभागाच्या पथकानं या प्रकारात पकडली ती दोन वानरं. प्राण्यांच्या अभ्यासकांनी सुडाची गोष्ट तेव्हाच नाकारली होती. वानरांची एकी पाहायची तर त्यांच्या माद्यांकडे पाहावं. एकीचं तान्हं दुसरी मादी उचलून घेते, सांभाळते, आणि तेवढ्या वेळात आई पोटभर चरते. ही गोष्ट बातमीत येत नाही, आणि मला त्याचं वाईट वाटतं.

खरी साथ पाहायला आपल्याला लांब जावं लागत नाही. बांधावरच्या बोरीखाली पाचोळा उलटत, सतत कलकलाट करणारे मातकट सातभाई कुणी पाहिले नाहीत? ते सातच असतात असं नाही, आणि सगळे भाऊही नसतात. थव्यात नर असतात, माद्या असतात, आधीच्या विणीची पोरंही असतात. बाकीचे खाली किडे टिपत असताना एखादा उंच फांदीवर पहाऱ्याला बसतो. शिक्रा दिसला की त्याच्या हाकेसरशी सगळे जाळीत शिरतात. साप दिसला तर उलट सगळे मिळून त्याच्याभोवती गिल्ला करतात. घरट्यातल्या पिल्लांना आईबापांबरोबर थव्यातले इतरही भरवतात. चातक आणि पावशा सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतात, तेव्हा त्या परक्या पिल्लालाही तोच घास मिळतो.

मग पहारेकरी स्वतःचा जीव ओवाळून टाकतो का? इथंही थोडं थांबावं. आफ्रिकेतल्या मीरकॅट या प्राण्यांच्या पहाऱ्याचा अभ्यास १९९९मध्ये प्रसिद्ध झाला. पोट भरलेला प्राणीच पहाऱ्याला जातो आणि धोका त्यालाच आधी दिसतो, असं त्यात आढळलं. इस्रायलमध्ये अरबी सातभाईंवर अनेक वर्षं काम करणारे आमोत्झ झाहावी म्हणत की पहाऱ्याच्या जागेसाठी तिथं चढाओढ असते, कारण तिच्यामुळे थव्यात मान वाढतो. यामुळे ती साथ खोटी ठरत नाही. मला तर ती जास्त पटते. ज्याचं पोट भरलंय त्यानं वर बसावं, भुकेल्यांनी निर्धास्त खावं, ही रीत माणसांनाही झेपण्यासारखी आहे.

म्हणून दोन गोष्टी करा. लांडग्यांचा तो मजकूर पुढे ढकलू नका. आणि उन्हाळ्यात बांध साफ करताना बोरी-बाभळीची, करवंदीची जाळी पेटवू नका. सातभाईंचा थवा त्याच जाळीच्या आसऱ्यानं राहतो.