ट्रॅक्टर ऑइल खातोय? इंजिन खोलायच्या आधी हे बघा

आजचा भाग ज्यांना ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी हा लेखी सारांश.

पेरणी तोंडावर आली होती आणि आमचा जुना ट्रॅक्टर दर दोन दिवसांनी ऑइल मागत होता. मिस्त्री म्हणाले, "इंजिन खोलावं लागणार." पप्पा तयारही झाले. मी म्हटलं, थांबा, आधी मोजू तरी.

मोजायचं असं: सकाळी इंजिन थंड असताना, सपाट जागेवर काडी पुसून लेव्हल बघा. किती ऑइल टाकलं ते तासांच्या मीटरच्या आकड्यासोबत वहीत लिहा.

मग बाहेरची गळती शोधा. मग धूर बघा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. फक्त सकाळी सुरू करताना निघून थांबला, तर व्हॉल्व्ह गाइडवर संशय घ्या. लोडवर सतत येतोय आणि ब्रीदरमधूनही जोरात धूर येतोय, तर रिंगा आणि लायनर झिजलेत.

आमचा ब्रीदरच घाणीनं बुजला होता! आत दाब वाढून ऑइल सीलमधून बाहेर पडत होतं. साफ केला, वहीतला आकडा खाली आला. थोडा निळा धूर अजून आहे, म्हणजे रिंगांचं काम टळलेलं नाही. पण पेरणी निघाली.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. लायनर न मोजता नुसत्या रिंगा बदलू नका. आणि ऑइल न टाकता लेव्हल वाढली, तर आत डिझेल किंवा पाणी जातंय. इंजिन लगेच बंद करा.