वारसा वाचताना : घाटातलं देवगांडूळ

गेल्या आठवड्यात आपण मालवणच्या प्रवाळांपाशी होतो. पाणी तापलं तरी प्रवाळाला जागा सोडून जाता येत नाही. जागेला असाच बांधलेला एक जीव आपल्या खोपोलीच्या डोक्यावर, बोरघाटात राहतो.

पावसाळ्यात शेणखताचा ढीग उपसताना फावड्यापुढे वीतभर लांब, गांडुळापेक्षा जाड काहीतरी वळवळतं. अंगभर वळी, कातडी ओली, तोंडात बारीक दात. ‘साप!’ म्हणत घाव बसतो. आमच्या परसात तसंच झालं, त्याचं मला अजून वाईट वाटतं. तो साप नव्हता. ते देवगांडूळ होतं, बेडकाच्या गणगोतातला बिनपायाचा उभयचर.

१९६० साली एडवर्ड टेलर यांनी खंडाळ्याच्या देवगांडुळाला ‘इंडोटिफ्लस बॅटर्सबाय’ हे नाव दिलं. पण ही मंडळी दिसायला इतकी सारखी, की वळी मोजूनही फसगत होते. तिथे डीएनए कामी येतो. ऊतीचा कणभर तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवतात. फॉर्मॅलिनमध्ये डीएनए खराब होतो, म्हणून संग्रहालयातल्या जुन्या बरण्या इथे फारशा उपयोगी पडत नाहीत. वाचायला बहुधा मायटोकाँड्रियातली जनुकं घेतात, कारण एकेका पेशीत त्यांच्या ढीगभर प्रती असतात. दोन प्राण्यांच्या अक्षरमाळा एकीखाली एक मांडल्या, की कुठे ‘ए’च्या जागी ‘जी’ आलंय ते दिसतं. अशा बदलांवरून वंशावळ जुळवतात.

त्या वंशावळीत खंडाळ्याच्या या कुळाचे जवळचे नातलग निघाले थेट सेशेल्स बेटांवर! साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ती बेटं भारतापासून तुटली. घाट चढताना दिसणाऱ्या काळ्या कातळाचा लाव्हा वाहिला तोही त्याच सुमारास. या जिवाचे पूर्वज त्या आगीतून कुठेतरी तगले.

दुसरी गोष्ट रत्नागिरी जिल्ह्यातली. तिथलं ‘गेजेनिओफिस शेषाचारी’ हे देवगांडूळ अंडी न घालता पिल्लांना जन्म देतं, हे २००८ साली वरद गिरी, डेव्हिड गोवर आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातले (एनसीसीएस) महेश धारणे, योगेश शौचे यांनी मांडलं. त्याचं सख्खं गोत मातीत अंडी घालणारं. म्हणजे ही रीत इथे स्वतंत्रपणे आली. तिचं कारण आपल्या लांबलेल्या उन्हाळ्यात शोधायचा मोह होतो, पण वंशावळ फक्त नातं सांगते, कारण नाही.

नात्यासाठी मोजकी जनुकं पुरतात. कोरड्या मातीत कोण टिकेल हे कळायला अख्खा जीनोम वाचावा लागतो, तोही अनेकांचा. ऑस्ट्रेलियातल्या एका प्रवाळासाठी २०२० साली २३७ नमुने वाचले गेले. देवगांडुळांचे तेवढे नमुने जमवायचे, तर ती सापडतात पावसाच्या चार महिन्यांत, तीही माती खणल्यावर किंवा दगड उलटल्यावर.