कुत्र्यालाही हवं स्वतःचं अंथरूण

पिल्लू घरात येतं तेव्हा जेमतेम ओंजळीत मावेल एवढं असतं. रात्री त्याचं कुईं कुईं सुरू झालं की कोणाच्याही पोटात कालवतं. मुलं म्हणतात, "आई, फक्त आजची रात्र!" आणि पिल्लू पांघरुणात शिरतं. ती एक रात्र कधीच एक राहत नाही. वर्षभरात त्याच पिल्लाचा पंचवीस-तीस किलोंचा दांडगोबा होतो, पलंगाच्या मधोमध ऐसपैस पसरतो आणि घरची माणसं कडेला अंग चोरून झोपतात!

गोष्ट एवढ्यावरच थांबली तर हसण्यावारी नेता येईल. पण पुढे घरात काही ना काही बदलतं. सून बाळंतपण आटोपून तान्ह्या बाळाला घेऊन माहेराहून येते, किंवा सासूबाईंचा दमा बळावतो. मग एका रात्रीत कुत्र्याची रवानगी गॅलरीत होते. त्या मुक्या जिवाला कारण कुठून कळणार? काल जे आपलं होतं ते आज नाही, एवढंच त्याला कळतं. ते दार ओरबाडतं, रात्रभर रडतं, शेजारी तक्रार करतात आणि शेवटी "देऊन टाकू या कोणाला तरी" इथवर पाळी येते. काही जण तर खुशाल लांबच्या रस्त्यावर सोडून येतात. घरच्या अन्नावर वाढलेला कुत्रा रस्त्यावर टिकत नाही. शिवाय पाळलेल्या जनावराला असं उपाशीतापाशी वाऱ्यावर सोडणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे गुन्हा आहे.

म्हणून कुत्र्याला वेगळं झोपायला शिकवणं म्हणजे त्याला दूर लोटणं नव्हे. उलट, पुढे कधी दूर लोटावं लागू नये म्हणून केलेली ती तजवीज आहे.

पिल्लू रडतं ते हट्टीपणानं नाही. आईच्या कुशीत, भावंडांच्या ढिगात झोपायची त्याला सवय असते. ती ऊब एकाएकी तुटते. म्हणूनच आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये. पूर्वी असं म्हणत, की पलंगावर झोपणारा कुत्रा स्वतःला घरचा मालक समजू लागतो. आता जाणकार तसं मानत नाहीत. त्याला हवी असते ऊब, सोबत आणि मऊ जागा. ह्या तीन गोष्टी त्याच्या अंथरुणावर मिळाल्या की निम्मं काम झालं.

अंथरूण कसं असावं?

त्यासाठी बाजारात जायलाच हवं असं नाही. जुन्या सुती साड्यांची दुपदरी गोधडी शिवा आणि तिला उशीसारखी निघणारी खोळ घाला. कुत्रा पाय ताणून आडवा झोपला तरी मावेल एवढी ती लांब-रुंद हवी. पावसाळ्यात फरशीला ओल येते, तेव्हा खाली लाकडी फळी किंवा बसका पाट ठेवावा. घरातल्या कोणाची तरी वापरलेली, न धुतलेली ओढणी वर टाकली तर ओळखीच्या वासानं पिल्लू लवकर निवांत होतं.

जागा कोपऱ्यातली पण माणसांत असावी. दाराच्या वाटेवर, पंख्याच्या थेट झोतात किंवा शेगडीजवळ नको. खोळ आठवड्याला गरम पाण्यानं धुऊन कडक उन्हात वाळवावी, म्हणजे पिसवांचा उपद्रव कमी होतो. डांबरगोळ्या मात्र तिथे चुकूनही ठेवू नका. कुत्र्याच्या पोटात गेल्या तर त्या विषारी ठरतात. उग्र फिनेलही टाळावं.

शिकवणी दिवसा, परीक्षा रात्री

पहिली ओळख दिवसा करून द्या. अंथरुणावर उकडलेल्या अंड्याचा किंवा पोळीचा बारीक तुकडा ठेवा. कुत्रा आपण होऊन तिथे गेला की "जागेवर" म्हणा आणि शाबासकी द्या. शब्द एकच ठरवा. आईनं "जागेवर", बाबांनी "चल हट" आणि मुलांनी "झोप रे" म्हटलं तर तो बिचारा गोंधळणारच! दिवसातून चार-पाच वेळा, दोन-दोन मिनिटं पुरेत. पुढे तो तिथे बसल्यावर तुकडा द्या, मग आडवा झाल्यावर, मग थोडा वेळ थांबल्यावर. आणि एक पथ्य कटाक्षानं पाळा: शिक्षा म्हणून त्याला तिथे कधी पाठवू नका. आवडत्या जागेची कोठडी होता कामा नये.

रात्री झोपण्याआधी त्याला फिरवून, शी-शू करवून आणा. सुरुवातीला अंथरूण तुमच्या पलंगाला लागूनच ठेवा. तो कुरकुरला तर खाली हात सोडून नुसता थोपटा, पण वर उचलून घेऊ नका. चार-पाच रात्री शांत गेल्या की अंथरूण वीतभर सरकवा. असं करत करत आठ-पंधरा दिवसांत ते ठरल्या जागी पोचतं. घाई केलीत आणि रडारड सुरू झाली, तर एक पाऊल मागे या.

दोन महिन्यांच्या पिल्लाला तीन तासांपेक्षा फार वेळ लघवी धरवत नाही. मध्यरात्री ते उठलं तर मुकाट्यानं बाहेर नेऊन आणा. दिवे लावून खेळ मांडू नका.

लागलेली सवय मोडताना

मोठा कुत्रा पलंगावर झोपायला सोकावला असेल तर थोडी चिकाटी लागते. तो वर चढला की न ओरडता, न मारता खाली उतरवा, "जागेवर" म्हणून त्याच्या अंथरुणापर्यंत न्या आणि तिथे शाबासकी द्या. पहिल्या रात्री दहा वेळा करावं लागेल. नऊ वेळा नाही म्हणून दहाव्यांदा "असू दे" म्हटलंत, तर तो एवढंच शिकतो, की दहा वेळा प्रयत्न केला की काम होतं. म्हणून घरातल्या सगळ्यांचं, विशेषतः आजी-आजोबांचं, आधी एकमत करून घ्या!

सून माहेरी जाणार असेल तर ही शिकवणी तिच्या डोहाळजेवणाच्या आसपासच सुरू करा. बाळ घरी येईपर्यंत कुत्र्याची सवय पक्की होते आणि जागा गेली त्याचा बाळाशी संबंध त्याच्या मनात जुळत नाही. कुत्रा कितीही गरीब असला, तरी तान्ह्या बाळाच्या बिछान्यात त्याला कधीही झोपू देऊ नये, की दोघांना एकटं सोडू नये. जंतांचं औषध आणि रेबीजची लस जनावरांच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानं वेळच्या वेळी द्यावी. कुत्र्याच्या पोटातल्या जंतांची अंडी लहान मुलांच्या पोटात गेली तर त्यांच्या डोळ्यांनाही इजा होऊ शकते.

नियमाला अपवाद असतातच. दिवाळीत फटाक्यांनी थरथरणाऱ्या कुत्र्याला खुशाल जवळ घ्या, त्यानं त्याची भीती वाढत नाही. आणि नेहमी शांत झोपणारा म्हातारा कुत्रा रात्री येरझारा घालू लागला, तर त्याला रागावू नका. सांधे दुखत असतील, आणखीही काही असेल. डॉक्टरांना दाखवा.

दिवसभर तो आपल्या पायांत घोटाळतोच. रात्री त्याची हक्काची, मऊ, कोणीही न उठवणारी एक जागा असली, की आपल्यालाही झोप लागते आणि त्यालाही. एक जुनी साडी आणि महिनाभराची चिकाटी, एवढाच काय तो खर्च.