लवासाच्या रस्त्यावरची शेळी चिप्सचं पाकीट का चाटते? उत्तर मिठात आहे, आणि उपाय पाइपच्या तुकड्यात

लवासाला गेलाय कधी?

पुण्यापासून साधारण ६० किलोमीटर, मुळशी तालुक्यात, वरसगाव धरणाच्या पाण्याला लागून. दासव्याच्या तलावाकाठी इटलीतल्या पोर्टोफिनोच्या धर्तीवर रंगीत इमारतींची रांग आहे. आपण तिथं जातो, फोटो काढतो, चिप्स खातो, पाकीट टाकतो आणि निघतो.

आता त्या रस्त्यावरून जाणारा शेळ्यांचा कळप डोळ्यासमोर आणा. चहूबाजूला डोंगर हिरवागार, आणि एखादी शेळी मात्र तो पाला सोडून चिप्सचं रिकामं पाकीट चाटत उभी. मोबाईल बाहेर येतो, रील बनते, खाली हसणाऱ्या स्मायल्या पडतात.

पण ती शेळी गंमत करत नसते. ती मीठ शोधत असते. आणि त्या नादात पाकीट पोटात गेलं तर ते पचत नाही. असं प्लास्टिक पोटात साठत जातं, पोट गच्च होतं आणि जनावर दगावू शकतं. मोसे खोऱ्यातल्या एखाद्या घरासाठी शेळी म्हणजे अडीनडीला मोडायची ठेव असते. ती गेली की पोरांची फी, दवाखाना, सणवार सगळंच अडतं.

मग एवढ्या हिरव्या डोंगरात शेळीला कमी काय पडतं? आणि ते स्वस्तात कसं भरून काढायचं?

पाऊस जमीन धुऊन नेतो

मुळशीच्या पश्चिम टोकाला, ताम्हिणी-लवासा पट्ट्यात, पावसाळ्यात हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो. एवढं पाणी उतारावरून वाहतं आणि मुरतं, तेव्हा मातीतले सहज विरघळणारे क्षार सोबत घेऊन जातं. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम खाली जातात. मागे राहते लोह आणि ॲल्युमिनियम जास्त असलेली तांबडी माती. ही माती फॉस्फरसही धरून ठेवते, झाडाला सहज देत नाही.

मातीत कमी म्हणजे गवतात कमी, आणि गवतात कमी म्हणजे शेळीत कमी.

त्यात सोडियमची गोष्ट वेगळीच. बहुतेक झाडांना सोडियमची फारशी गरज नसते, त्यामुळे पाल्यात ते मुळातच थोडं असतं. म्हणून पाला खाणाऱ्या जवळपास प्रत्येक प्राण्याला मिठाची ओढ असते. जंगलातले प्राणी खारट मातीच्या जागा हुडकून काढतात. शेळी भिंत चाटते, आपला घामेजलेला हात चाटते, आणि पाकीटही चाटते.

शेळीला काय कमी पडतंय हे कसं ओळखायचं?

काही खुणा पशुपालकांच्या रोजच्या पाहण्यातल्या असतात, फक्त त्यांचा अर्थ लावायला हवा.

शेळी माती, कापड, हाडं, भिंतीचा चुना खात असेल तर खनिजांची कमतरता असू शकते. काळ्या शेळीचे केस तांबूस पडले, अंगावरची चमक गेली, शेपटीच्या टोकाचे केस झडून ती माशाच्या शेपटीसारखी दिसायला लागली, तर तांबं कमी पडतंय अशी शंका घ्यावी. गाभण शेळीला तांबं कमी पडलं तर करडं मागच्या पायांनी लुळी जन्मू शकतात. कातडीवर खपल्या धरत असतील तर जस्ताकडे बघावं. शेळी वेळेवर माजावर येत नसेल, तर खाद्य आणि खनिजं दोन्ही तपासावीत.

पण एक लक्षात ठेवा. यातल्या बऱ्याच खुणा जंतांमुळेही दिसतात. म्हणून आधी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लेंड्या तपासून घ्या. जंत तसेच ठेवून खनिजं देणं म्हणजे फुटक्या हंड्यात पाणी भरणं.

वीट टांगली की झालं, असं नाही

बहुतेक जण बाजारातून चाटण वीट आणतात आणि दावणीला टांगतात. गाय-म्हशीला ती चालते, कारण त्यांची जीभ मोठी आणि खरखरीत असते. शेळीची जीभ लहान आणि मऊ. दिवसभर चाटूनही तिला विटेतून पुरेसं मिळेल याची खात्री नसते. काही शेळ्या वीट दातांनी कुरतडायला जातात, त्यात दात झिजतात.

म्हणून शेळीला खनिजं भुकटीच्या रूपात देणं जास्त सोयीचं. पशुखाद्याच्या दुकानात ‘मिनरल मिक्श्चर’ म्हणून मिळतं तेच. मोठ्या शेळीला रोज साधारण १० ग्रॅम आणि करडाला ५ ग्रॅमच्या आसपास दिलं जातं, नेमकं प्रमाण पिशवीवर बघावं.

हिशोब सोपा आहे. दिवसाला १० ग्रॅम धरले तर एका शेळीला १ किलो १०० दिवस पुरतं. पाच शेळ्या असतील तर महिन्याला दीड किलो. दुकानदार किलोचा जो भाव सांगेल त्याला १०० ने भागा, तो एका शेळीचा एका दिवसाचा खर्च. चहाच्या एका कपाशी तुलना करून बघा.

जुगाड पहिला: भरड्यात चमचा

घरी दोन-चार शेळ्या असतील तर वेगळ्या भांड्याची गरजच नाही. संध्याकाळच्या भरड्यात मोजून मिसळा. घरातला एक चमचा ठरवा आणि किराणा दुकानाच्या काट्यावर त्यात किती ग्रॅम मावतात ते एकदा बघून घ्या. अंदाजपंचे मूठ टाकू नका. या पद्धतीत कोणी किती खाल्लं हे कळतं, फक्त दांडगी शेळी दुसरीचा वाटा खाणार नाही एवढं बघावं लागतं.

जुगाड दुसरा: पाइपचा तुकडा

कळप मोठा असेल तर हा सगळ्यात कामाचा. प्लंबिंगच्या दुकानातून ४ इंची पीव्हीसी पाइपचा हात-दीड हात लांबीचा तुकडा घ्या. बांधकामावर उरलेला मिळाला तर फुकटच. खाली ‘वाय’ जोड बसवा आणि त्याचं तळाचं तोंड टोपणाने बंद करा. पाइपच्या वरच्या तोंडालाही टोपण लावा, पण ते चिकटवू नका. वरून भुकटी भरा. शेळी खाईल तशी ती खाली सरकते आणि तिरक्या तोंडातून शेळी चाटते.

शेडच्या आतल्या खांबाला पाइप तारेने घट्ट बांधा. तोंडाची उंची उभ्या शेळीच्या हनुवटीएवढी हवी. त्याहून खाली बांधलात तर शेळी पाठ फिरवेल आणि आत लेंड्या पडतील. करडांसाठी खाली एखादा सपाट दगड ठेवा, पुढचे पाय टेकून ती पोचतात.

जुगाड तिसरा: तेलाचा कॅन किंवा बांबू

गोड्या तेलाचा ५ लिटरचा रिकामा कॅन धुऊन वाळवा. तळापासून चार बोटं सोडून एका बाजूला शेळीचं तोंड जाईल एवढी खिडकी कापा. कापलेली कड घासून बोथट करा, नाहीतर ओठ फाटतील. मुठीतून दोरी घालून खुंटीला घट्ट बांधा. कीटकनाशकाचा किंवा तणनाशकाचा कॅन मात्र कितीही धुतला तरी वापरायचा नाही.

मुळशीत बांबूला तोटा नाही. जाड बांबूचं एक लांब पेर उभं चिरलं की दोन छोट्या गव्हाणी तयार. दोन्ही टोकांच्या गाठी तशाच ठेवा, भुकटी सांडत नाही.

पावसाळ्यात मात्र या सगळ्यांचा एकच शत्रू, तो म्हणजे दमट हवा. मीठ पाणी ओढतं आणि भुकटीचं ढेकूळ होतं. म्हणून दोन-तीन दिवस पुरेल एवढंच भरा, बाकीचं घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि आठवड्याला भांडं खरवडून वाळवा.

शेळीला लागेल तेवढंच ती खाते?

हा समज सगळीकडे आहे, आणि तो अर्धाच खरा आहे. मिठाची गरज शेळीला खरोखर कळते. पण तांबं, जस्त, आयोडीन किती हवं हे तिला तसं कळत नाही. ती भुकटी खाते ती मिठासाठी, बाकीचं सोबत पोटात जातं.

म्हणजे मीठ ही इथली किल्ली आहे. मिश्रण मीठ नसलेलं असेल तर दोन वाट्या मिश्रणात एक वाटी साधं आयोडीनयुक्त मीठ मिसळता येतं. आधीच मीठ असेल तर वरून घालू नका, म्हणून पिशवीवरचं वाचा. मोकळं ठेवण्याआधी पहिला आठवडा मोजून द्या, कारण मिठाला आसुसलेली शेळी सुरुवातीला वाजवीपेक्षा जास्त खाते. आणि पाणी कायम समोर हवं. पाण्याविना जास्त मीठ म्हणजे विषबाधा.

खपही मोजता येतो. पाच शेळ्यांसाठी आठवड्याला ५०० ग्रॅम भरलं आणि ८० ग्रॅम उरलं, तर ४२० ग्रॅम खपलं. म्हणजे एका शेळीला दिवसाला १२ ग्रॅम, त्यात ८ ग्रॅम खनिजं आणि ४ ग्रॅम मीठ. गणित जमलं.

हे मात्र घरी करू नका

तांबं कमी पडतंय म्हणून शेतातला मोरचूद शेळीला चारू नका. भातासाठी आणलेलं झिंक सल्फेट आणि इतर खतंही नाहीत. ती पिकासाठी बनवलेली असतात, खाण्यालायक शुद्धतेची नसतात, आणि तांब्याच्या बाबतीत औषध आणि विष यांत फार थोडं अंतर आहे.

सोबत मेंढ्या असतील तर दुप्पट सावध राहा. शेळीला तांबं मेंढीपेक्षा बरंच जास्त लागतं. मेंढीच्या यकृतात ते साठत जातं आणि एके दिवशी अचानक रक्तात उतरून तिचा जीव घेतं. शेळीचं भांडं मेंढीच्या तोंडाला लागता कामा नये.

हाडांचा चुरा नको. ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकात ‘मॅड काऊ’ रोग पसरला तो गुरांना गुरांचेच अवशेष चारल्यामुळे.

आणि बोकडाला नुसत्या भाताच्या कोंड्यावर वाढवू नका. कोंड्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम कमी. हा तोल बिघडला की मुतखडा होतो, लघवी अडते आणि बकरी ईदसाठी वर्षभर सांभाळलेला बोकड ऐन वेळी हातचा जातो. शेवगा, सुबाभूळ, उंबर असा मिश्र पाला सोबत असू द्या, त्यातून कॅल्शियम मिळतं. सुबाभूळ मात्र बेताने, एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आतच.

२०१९ च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात एक कोटीहून जास्त शेळ्या आहेत. त्यातल्या बहुतेक अशाच दोन-पाच-दहाच्या संख्येने छोट्या घरांमध्ये आहेत. त्यांना महागडं काही लागत नाही. पाइपचा एक तुकडा, मोजका चमचा आणि कोरडी जागा एवढ्यावर भागतं.

आणि आपलं काम त्याहून सोपं आहे. पुढच्या वेळी लवासाला गेलात, तर चिप्सचं पाकीट परत येताना गाडीतच ठेवा.